निगीर्ण माणूस : समाजमाध्यमांच्या चिकित्सेतील अलंकारविचार

समाजमाध्यमांवर मराठीत होणारी टीका जसजशी वाढत गेली, तसतशी ती अलंकारांनी जडही होत गेली. व्हॉट्सॲप हे ‘विद्यापीठ’ झाले, फेसबुक ‘चावडी’ झाली. अफवेला कधी ‘वणवा’, कधी ‘विष’ तर कधी ‘विषाणू’ म्हटले गेले. अग्रलेखांपासून चर्चासत्रांतील निबंधांपर्यंत हे शब्द इतके रुळले आहेत की, ते अलंकार आहेत याचे भानही आता वाचकाला राहत नाही. एखाद्या व्यवहाराची चिकित्सा अलंकाराच्या साहाय्याने केली जाते तेव्हा त्या अलंकारामुळे नेमके काय दिसू लागते आणि काय दिसेनासे होते, हा प्रश्न शैलीपुरता मर्यादित नाही. ज्या व्यवहारात माणसे मारली गेली आहेत, त्याच्या चिकित्सेत तर तो प्रश्न टाळताच येत नाही.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. परंतु सातपुड्यापासून साक्रीच्या डोंगराळ पट्ट्यापर्यंतचा मुलूख या प्रशासकीय रेषेने तुटला नाही. भिली, मावची, कोकणी, अहिराणी या बोली, आठवडे बाजारांचे जाळे आणि मजुरीसाठी गुजरातेत होणारे स्थलांतर यांनी तो जोडलेलाच राहिला. नवापूर आणि नंदुरबार तालुक्यांना लागून असलेल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ते मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आलेले होते. त्यांच्यापैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला आणि तेवढ्यावरून लोकांना संशय आला, असे त्या वेळच्या वृत्तांत नमूद आहे. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारहाण करण्यात आली. मुले पळवणारी टोळी या भागात आली असल्याचे संदेश त्याआधीचे काही दिवस भ्रमणध्वनींवर फिरत होते.

अशा घटनांविषयी लिहिताना जी वाक्ये सहजपणे वापरली जातात त्यांची व्याकरणिक घडण पाहण्यासारखी असते. ‘अफवा पसरली’, ‘संदेश व्हायरल झाला’, ‘जमाव अनावर झाला’. तिन्ही वाक्यांत क्रिया अकर्मक आहे. ‘पसरवली’ असे प्रयोजक रूप योजले असते तर ‘कोणी?’ हा प्रश्न वाक्यातच उभा राहिला असता. ‘पसरली’ या रूपाने तो मिटतो. ‘व्हायरल’ या विशेषणामागील रूपक तर हे काम अधिकच चोखपणे करते. विषाणूला हेतू नसतो, त्याचा वाहक अपराधी नसतो, आणि रोगी हा तर दयेचाच विषय असतो. म्हणजे संदेश तयार करणारा, तो पुढे पाठवणारा आणि त्यावरून हात उगारणारा, असे तीन निरनिराळे कर्ते एकाच रोगाच्या रूपकात विरून जातात. सुसान सोंटॅग यांनी १९७८ मध्ये ‘इलनेस ॲज मेटाफर’ या पुस्तकात रोगांवर लादलेल्या रूपकांमुळे रोग्यावर होणाऱ्या अन्यायाची मांडणी केली होती. येथे दिशा उलटी आहे : रोग हे उपमान झाले आहे आणि त्याच्या आड समाजातील कर्ते सुटले आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘इन्फोडेमिक’ हा शब्द जगभर रूढ केल्यावर या रूपकाला शासनमान्यताच मिळाली. ‘वणवा’ हे रूपकही याच जातीचे. सातपुड्यात वणवे कसे लागतात आणि कोण लावते, हे तेथील माणसांना ठाऊक असते. अग्रलेखातील वणवा मात्र आपोआप लागतो.

‘व्हॉट्सॲप विद्यापीठ’ हा प्रयोग याहून चतुर आहे. त्याची गणना व्याजस्तुतीत करावी लागेल, कारण वरकरणी गौरव आणि आत निंदा अशी त्याची रचना आहे. परंतु व्याजस्तुती फलद्रूप होण्यासाठी ऐकणाऱ्याला स्तुती खोटी आहे हे आधीच कळलेले असावे लागते. ज्याला ते कळलेले आहे त्याला या टीकेची गरज नाही. ज्याला कळलेले नाही त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही. उरतो तो जाणत्यांचा एकमेकांकडे पाहून केलेला स्मितहास्याचा व्यवहार. शिवाय हा शब्दप्रयोग आता त्याच माध्यमावरून, सर्व पक्षांकडून, एकमेकांविरुद्ध वापरला जातो. प्रत्येकाला ‘विद्यापीठ’ दुसऱ्याचेच वाटते.

तेव्हा समाजमाध्यमांची चिकित्सा अलंकारांनी करावयाची असेल तर अलंकारांची संख्या वाढवून उपयोग नाही. अलंकार म्हणजे काय याचा विचार करणाऱ्या शास्त्राकडे वळणे अधिक फलदायी ठरेल. मराठी समीक्षेत या शास्त्राची अवस्था चमत्कारिक आहे. शालेय व्याकरणात ते व्याख्या आणि उदाहरणे यांच्या रूपाने उरले. विद्यापीठीय समीक्षेत रस आणि ध्वनी यांना जी प्रतिष्ठा मिळाली ती अलंकारविचाराला मिळाली नाही. एका वस्तूला दुसरी वस्तू म्हणणे म्हणजे नेमके काय करणे, याचे जे सूक्ष्म विश्लेषण मम्मट, रुय्यक, जगन्नाथ यांच्या ग्रंथांत आहे, ते काव्यापुरते राखून ठेवण्याचे काहीच कारण नव्हते.

लक्षणेच्या विवेचनात परंपरेने चालत आलेले एक उदाहरण आहे : ‘वाहीक हा बैल आहे.’ वाहीक म्हणजे वायव्येकडील, शिष्टांच्या प्रदेशाबाहेरचा माणूस. त्याच्या ठिकाणी बैलाचे मांद्य आहे हे सांगणे, हे या लक्षणेचे प्रयोजन. शास्त्रकारांनी शतकानुशतके हे उदाहरण निर्विकारपणे उगाळले. ते एका परक्या लोकसमूहाचा अपमान आहे, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. तरी त्यांनी केलेला भेद मोलाचा आहे. ‘वाहीक हा बैल आहे’ या वाक्यात वाहीकाचा उल्लेख शिल्लक आहे. आरोप झाला, पण ज्याच्यावर झाला तो वाक्यात उभा आहे. ही सारोपा लक्षणा. त्याच माणसाकडे बोट दाखवून नुसते ‘हा बैल’ म्हटले की वाहीक हा शब्दच नाहीसा होतो. ही साध्यवसाना. पहिलीतून रूपक निघते. दुसरीतून अतिशयोक्तीचा तो प्रकार, ज्यात उपमानाने उपमेयाचे निगरण केलेले असते. निगरण म्हणजे गिळणे. शालेय व्याकरणाने अतिशयोक्तीचा अर्थ ‘फुगवून सांगणे’ एवढाच ठेवला आणि हा गिळण्याचा विचार विद्यार्थ्यांच्या हातून निसटला.

अफवेच्या संदेशाची अलंकारदृष्ट्या जात कोणती, याचे उत्तर येथे मिळते. त्यात अतिशयोक्ती आहे ती टोळीतील माणसांची संख्या फुगवली म्हणून नव्हे. त्यात ‘भिक्षेकरी’, ‘भटका’, ‘परगावचा’ हे उपमेय वाक्यातून बाहेर गेलेले असते. राहते ते केवळ ‘मुले पळवणारी टोळी’. ‘अमुक भिक्षेकरी मुले पळवणाऱ्यांसारखे दिसतात’ असे कोणी लिहिले असते तर ती उपमा झाली असती आणि साधारण धर्म कोणता, म्हणजे कोणत्या बाबतीत सारखे, असे विचारता आले असते. ‘हे मुले पळवणारे तर नसतील?’ असे लिहिले असते तर तो ससंदेह झाला असता. संदेहात दोन्ही कोटी जिवंत असतात. उपमा, ससंदेह, रूपक, अतिशयोक्ती अशा क्रमाने पाहिले तर प्रत्येक पायरीवर उपमेयाची जागा आकसत जाते. संदेशाने अखेरची पायरी आधीच गाठलेली असते. राईनपाड्याच्या बाजारात ती पाच माणसे आली तेव्हा त्यांच्यासाठी शब्द तयार होता, आणि त्या शब्दात त्यांना जागा नव्हती.

रूपक आणि भ्रांतिमान यांतील भेदही येथे उपयोगी पडतो. मुख आणि चंद्र वेगळे आहेत हे पक्के ठाऊक असताना मुद्दाम अभेद मानणे, याला शास्त्रात आहार्य म्हणतात. रूपक आहार्य असते. भ्रांतिमानात पात्राला खरोखरच भ्रम झालेला असतो. त्याच्यापुरते ज्ञान आहार्य नसते. पण कवीला आणि रसिकाला तो भ्रम आहे हे कळत असते. महाराष्ट्राच्या लोकजीवनात आहार्याची शिकवण देणाऱ्या संस्था होत्या. बहुरूपी पोलिसाच्या वेषात दारात येऊन दरडावत असे. घरातील माणसे क्षणभर दचकत, मग हसत आणि पसाभर धान्य देत. एकनाथांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी बोलतात. ते बोलणारे कोण आणि बोलवणारा कोण याविषयी श्रोत्याचा गोंधळ होत नाही. भिक्षेवर जगणाऱ्या या जाती-जमातींनी गावाला सोंग ओळखण्याचा सराव दिला होता. ज्यांनी हा सराव दिला त्यांच्याच भाईबंदांचा वेष पुढे ‘सोंग’ ठरवून त्यांच्यावर उलटला, हा दैवदुर्विलास म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्यामागे एक तांत्रिक क्रिया आहे.

ती क्रिया एका चित्रफितीत स्पष्ट दिसते. २०१८ मध्ये देशभर मूल पळवण्याच्या अफवांसोबत जी चित्रफीत फिरली तिच्यात दोघे मोटारसायकलवरून येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांतील एकाला उचलून नेतात. मूळ चित्रफीत कराचीतील ‘रोशनी हेल्पलाइन’ या संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी बनवली होती. मूळ फितीत ती माणसे परत येतात, मूल सुखरूप ठेवतात आणि मूल पळवायला किती थोडा वेळ पुरतो हे सांगणारा फलक धरतात. भारतात फिरलेल्या आवृत्तीतून हा शेवट कापलेला होता. बाकी एकही चित्र बदललेले नव्हते. सोंग संपल्याचे सांगणारा क्षण काढून टाकला की आहार्य ज्ञान अनाहार्य होते. रूपकाचा भ्रम होतो, आणि त्या भ्रमाला बाहेरून पाहणारा कवीही उरत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो शास्त्रातूनच येतो. शिंपल्यावर चांदीचा भ्रम होणे हा भ्रांतिमान अलंकार नव्हे, असे आलंकारिकांनी स्पष्ट म्हटले आहे. तेथे कविप्रतिभेने आणलेले वैचित्र्य नाही, तो केवळ लौकिक भ्रम आहे. मग पाच माणसांच्या हत्येला कारण झालेल्या लौकिक भ्रमाला काव्यशास्त्राच्या संज्ञा लावणे हे औचित्याला धरून होईल काय? आक्षेप गंभीर आहे. परंतु शिंपला आणि अफवा यांत एक मूलभूत अंतर आहे. शिंपल्यावरील चांदीचा भ्रम कोणी रचलेला नसतो. चित्रफितीचा शेवट कोणीतरी कापलेला असतो. संदेश ही रचना आहे, तिच्यामागे निवड आहे, परिणामाची जाण आहे. ती काव्य नाही हे खरे, पण ती लौकिक भ्रमही नाही. काव्य आणि लौकिक ज्ञान यांच्यामधील या प्रदेशासाठी जुन्या शास्त्राने वेगळे दालन ठेवले नाही. ते उभारण्याचे काम नव्या समीक्षेचे आहे, आणि त्यासाठी साहित्य जुन्या घरातलेच वापरावे लागेल.

त्या साहित्यात सर्वांत मौलिक आहे ती मम्मटाने आर्थी व्यंजनेच्या संदर्भात दिलेली यादी : वक्ता, ज्याला सांगावयाचे तो बोद्धव्य, काकू म्हणजे स्वराची ढब, वाक्य, वाच्यार्थ, दुसऱ्या कोणाचे सान्निध्य, प्रस्ताव म्हणजे प्रसंग, देश, काल. यांच्या वैशिष्ट्यामुळे एकाच वाक्यातून निरनिराळे अर्थ सूचित होतात. पुढे पाठवलेल्या संदेशाला ही यादी लावून पाहिली तर वाक्य आणि वाच्यार्थ सोडून जवळपास सर्व स्थाने रिकामी सापडतात. वक्ता नाही, कारण पाठवणारा म्हणतो, ‘मला आले, मी पाठवले.’ बोद्धव्य कोणीही. लिहिलेल्या ओळीला काकू नाही. देश आणि काल तर सहज बदलता येतात. त्याच सुमारास फिरलेल्या दुसऱ्या एका चित्रफितीत २०१३ मध्ये सीरियातील रासायनिक हल्ल्यात मरण पावलेल्या मुलांची छायाचित्रे होती. ती पळवून नेलेल्या भारतीय मुलांची म्हणून दाखवली गेली. या संदेशांचा ठरीव साचा ‘आपल्या भागात’ असा असतो, आणि त्यातील सर्वनामाकडे भाषाभ्यासकांनी पाहावयास हवे. मराठीतील ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळू शकतो; ‘आपण’ त्याला आत घेतो. ‘आपल्या भागात’ ही शब्दसंहती मालेगावात मालेगावची होते, साक्रीत साक्रीची, नवापुरात नवापूरची. जेथे वाचली जाते तेथील ती होते, आणि जो ती वाचत नाही, जो आज गावात पाहुणा आहे, तो आपोआप बाहेर पडतो.

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲप कंपनीने पुढे पाठवलेल्या संदेशांवर तशी खूण दाखवण्यास आरंभ केला आणि त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पाठवल्या गेलेल्या संदेशांसाठी ती मर्यादा एकावर आणली. अलंकारदृष्ट्या ही खूण मोठी अर्थपूर्ण आहे. ‘हा संदेश पाठवणारा त्याचा वक्ता नव्हे’ एवढेच ती सांगते. वक्ता कोण हे सांगत नाही. वक्त्याच्या अभावाची ती अधिकृत घोषणा होय.

‘अडाण्यांच्या हाती स्मार्टफोन आले’ या स्पष्टीकरणाचीही येथेच दखल घ्यावी लागते, कारण आदिवासी पट्ट्यातील घटनेला ते हमखास चिकटवले जाते. ८ जून २०१८ रोजी आसाममधील कार्बी आंगलाँग जिल्ह्यात गुवाहाटीचे दोन तरुण अशाच संशयावरून मारले गेले. १३ जुलै रोजी बिदर जिल्ह्यात हैदराबादचा एक संगणक अभियंता मारला गेला. संदेश वाचणाऱ्यांत आणि पुढे पाठवणाऱ्यांत शहरी सुशिक्षित मुबलक होते. ‘अडाणी आदिवासी’ हेही निगरणच आहे. येथे गिळला जातो तो संदेशांचा सगळा प्रवास. सातपुड्यातील डाकीण प्रथेकडे बोट दाखवणारे अभ्यासकही एक फरक नजरेआड करतात. नंदुरबारच्या अक्कलकुवा-अक्राणी भागात एखाद्या स्त्रीला डाकीण ठरवले जाते तेव्हा तेथेही स्त्री गिळली जाते आणि शब्द उरतो. ते क्रौर्य कमी नाही. पण तेथे ठरवणारा भगत माहीत असतो, गाव माहीत असते, वैर कशावरून हेही बहुधा माहीत असते. म्हणूनच २०१३ च्या महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्याला कोणाला तरी आरोपी म्हणून पकडता येते. वक्ता असलेल्या निगरणाला उत्तर देता येते. संदेशाने ती सोय काढून घेतली.

लक्षणेला एकतर प्रयोजन लागते किंवा रूढी. संदेश प्रथम रचणाऱ्याजवळ प्रयोजन असते. शंभराव्या हातात तो पोहोचतो तेव्हा त्याची रूढी झालेली असते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले, ते टाळेबंदीच्या काळात चोर आणि मुले पळवणारे यांच्याविषयीच्या अफवा त्या भागात असताना. राईनपाड्याला दोन वर्षेही झाली नव्हती. पुढे समाजमाध्यमांवर त्या हत्येला धार्मिक रंग देण्यात आला आणि अफवेचा मुद्दा दुसऱ्या अफवेने झाकला गेला. याला अपह्नुती म्हणावे : ‘हे ते नव्हेच, हे दुसरेच’ असे सांगून प्रकृताचा निषेध करणे.

मग चिकित्सेला उपकारक असे अलंकार कोणते? ज्यांत उपमेय वाक्यात टिकून राहते ते, असा एक निकष मांडता येईल. श्लेषाचे उदाहरण घ्यावे. समाजमाध्यमांवरील पसंतीची खूण म्हणजे अंगठा. मराठीत अंगठा म्हणजे निरक्षराची सही, ‘अंगठा दाखवणे’ म्हणजे ठेंगा दाखवणे, आणि भिल्लांच्या मुलखात अंगठा म्हटला की एकलव्य आठवणारच. शहादा तालुक्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला. तेथेही ओळख बोटांच्या ठशांनीच पटवली जाते. या शब्दावर श्लेष करणारा टीकाकार पसंती, निरक्षरता, नकार, गुरुदक्षिणा आणि शासकीय ओळख यांना एकाच जागी उभे करतो. श्लेषात एक अर्थ दुसऱ्याला गिळत नाही. अर्थात श्लेष हा चातुर्याकडे झुकणारा अलंकार आहे, आणि पाच मृत्यूंच्या संदर्भात तो फार पुरणारा नाही.

अधिक बळाचे उदाहरण जुने आहे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) अवतारकथांचे जे वाचन केले, ते व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही असे सांगून विद्वानांनी बाजूला ठेवले. ‘राक्षस’ म्हणजे मूळचे रक्षक, ही त्यांची उपपत्ती भाषाशास्त्र मान्य करणार नाही. पण ती क्रिया कोणती आहे हे पाहिले तर तिचे मोल कळते. ‘राक्षस’ या शब्दाने ज्यांना गिळले होते त्यांना जोतीराव वाक्यात परत आणत होते. साध्यवसानेचे त्यांनी पुन्हा सारोपेत रूपांतर केले, म्हणजे ‘यांना राक्षस म्हटले गेले’ असे म्हणण्याची सोय केली. हे म्हणता आले की ‘कोणी म्हटले?’ असे विचारता येते.

राईनपाड्याविषयीच्या लेखनात हे काम ‘टोळी’ या नामापासून सुरू करावे लागेल. त्या नामाला मागे इतिहास आहे. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये कायद्याने कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राच्या याद्यांत नाथपंथी डवरी गोसावी हे भटक्या जमातींत येतात, विमुक्तांत नव्हे. म्हणजे त्या शिक्क्याखाली ते कागदोपत्रीही नव्हते. शासनाने राखलेला हा भेद लोकांच्या बोलण्यात राहिला नाही. ‘भटके’ हा शब्द ‘गुन्हेगार’ने पूर्वीच अर्धा गिळलेला होता, भ्रमणध्वनीवरील ओळीने उरलेला गिळला. त्या ओळीच्या आधी तेथे असलेल्या गोष्टी समीक्षेला एकेक करून परत लिहाव्या लागतील : मंगळवेढ्याच्या दुष्काळी मुलखातून निघालेली भिक्षेची फेरी, परक्या माणसाने यावे यासाठीच भरणारा आठवडे बाजार, पाच माणसे, आणि त्यांच्यातील एकाने एका मुलीशी बोलावयास केलेला आरंभ.